आठ मिनिटांचा हिशेब

सामायिकाचा काळ एका मुहूर्ताचा, म्हणजे दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. हा हिशेब जैन घरातील लहान मुलालाही पाठ असतो. झूमवर विनामूल्य भरणारा वर्ग मात्र ४० मिनिटांनी आपोआप बंद होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, स्थानकांची आणि मंदिरांची दारे मिटली आणि पाठशाळा मोबाईलच्या पडद्यावर आल्या. तेव्हापासून या दोन आकड्यांमधील आठ मिनिटे ही धार्मिक शिक्षणातील एक खरी अडचण होऊन बसली आहे. मुले आसनावर बसलेली, मुखवस्त्रिका बांधलेली, सामायिक पारण्यास आठ मिनिटे बाकी, आणि पडदा काळा! वर्ग पुन्हा जोडावा तर फोनला हात लावणे आले. आणि सामायिकात तेच करायचे नसते.

वरवर पाहता यावर उपाय सोपा आहे. शुल्क भरून वर्गाची मुदत वाढविता येते. गूगल मीटवर तर विनामूल्य वर्गालाही ६० मिनिटे मिळतात. परंतु कोणते साधन घ्यावे हे ठरविणाऱ्याला सामायिक किती मिनिटांचे असते हे ठाऊक हवे, आणि सामायिक जाणणाऱ्याला त्या साधनाची मर्यादा ठाऊक हवी. ही दोन्ही ज्ञाने एका माणसाच्या ठायी क्वचितच आढळतात. ऑनलाइन पाठशाळेचे तांत्रिक काम पाहणारा माणूस नेमका या दोहोंच्या मध्ये उभा असतो. कधी तो महाविद्यालयात शिकणारा मुलगा असतो, कधी घरची सून असते. त्याच्या कामाला समाजात अजून नीटसे नावही नाही. ‘मोबाईलचे बघणारा’ एवढीच त्याची ओळख.

जालना जिल्ह्यात या माणसाची गरज विशेष आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जालना शहराची गोष्ट निराळी. लोखंड, बियाणे आणि आडतीचा व्यापार येथे मोठा, आणि गुरू गणेशलालजी महाराजांच्या स्मृतीमुळे भाविकांचा राबताही कायमचा. पण मंठा, जाफराबाद, घनसावंगी यांसारख्या ठिकाणी एखाद्या पेठेत श्रावकांची घरे मोजकीच असली, तर दहा-बारा मुलांची पाठशाळा भरायची कशी? साधू-साध्वींचा चातुर्मास सर्वत्र होत नाही. शेष आठ महिने त्यांचा विहार पायी चालतो, आणि लहान गावाच्या वाट्याला एखाद-दुसऱ्या दिवसाचा सहवास येतो. त्यातच आजचे साधू-साध्वी फोनवरून शिकवतील ही अपेक्षाही करता येत नाही. स्थानकवासी परंपरेत अनेकांना ध्वनिवर्धकही वर्ज्य आहे. म्हणून पडद्यावरची पाठशाळा ही पूर्णतः श्रावक-श्राविकांची जबाबदारी ठरते. परतूरचे एक मूल, भोकरदनची दोन आणि अंबडचे एक मिळून एक वर्ग उभा राहतो, तो या जबाबदारीच्या बळावर.

दुरून शिकविण्याची कल्पना या समाजाला नवी नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये पाथर्डी येथे श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. पाथर्डी हे त्या काळी आडवळणाचे गाव. तेथून ठरलेला अभ्यासक्रम घेऊन गावोगावची मुले-मुली परीक्षेला बसावीत, हा विचार आजच्या कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमापेक्षा कमी धाडसाचा नव्हता. फरक एवढाच की छापील पुस्तक कधी बिघडत नसे. ते उघडण्यासाठी आजीला नातवाची विनवणी करावी लागत नसे.

पडद्यावरच्या पाठशाळेत सर्वांत अवघड गोष्ट कोणती, असे विचारले तर बहुतेक जण इंटरनेट म्हणतील. खरी अवघड गोष्ट आहे ती उच्चार. पाठशाळेची शतकानुशतकांची रीत म्हणजे सामूहिक पठण: बाई एक पद म्हणतात, मुले एका सुरात मागून म्हणतात. ऑनलाइन वर्गात ही रीतच मोडते. प्रत्येकाचा आवाज पोचायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि तो अंश प्रत्येक घरी वेगळा. वीस मुलांनी एकदम पाठ म्हटला की वीस ठिकाणचा गलका होतो. त्यातून यंत्र एकाच मोठ्या आवाजाला पुढे आणते आणि बाकीचे दडपते. शिवाय सलग, एका लयीत चाललेल्या पठणाला हे कार्यक्रम कधी पंख्याच्या घरघरीसारखा ‘गोंगाट’ समजून गाळूनही टाकतात. गोंगाट गाळण्याची सोय बंद करून मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठविण्याची एक कळ झूममध्ये असते. ती ज्याला माहीत आहे, त्याने पाठशाळेवर मोठे उपकार केले असे म्हणावे लागेल.

मग सर्वांचे माइक बंद करून फक्त बाईंचाच आवाज ठेवण्याचा मार्ग निघतो. वर्ग शांत होतो, पालक समाधानी होतात. पण मूल घरी काय म्हणते आहे, हे कोणालाच ऐकू येत नाही. अर्धमागधीत श आणि ष हे वर्ण नाहीत, सगळीकडे स आहे. मराठी शाळेत शिकणारे मूल सवयीने श म्हणते. ण आणि न यांचा घोळ तर मोठ्यांच्या तोंडीही असतो. अशी चूक पाठांतरात एकदा बसली की ती काढणे नव्याने शिकविण्याहून कठीण. त्यातच मुखवस्त्रिकेमुळे ओठ दिसत नाहीत, आवाज थोडा दबतो, आणि लाईन क्षीण झाली की स आणि श यांतला भेद सर्वांत आधी पुसट होतो. (मुखवस्त्रिकेतून बोलण्या-ऐकण्याची ही कसरत साथीच्या काळात साऱ्या जगाने मास्क बांधून करून पाहिली, हे जाता जाता आठवते.)

यावर उपाय आहे तो साध्या अंकगणितात. प्रत्येक मुलाचे एकट्याचे म्हणणे दोन मिनिटे ऐकायचे तर वीस मुलांना चाळीस मिनिटे लागतात, आणि नवीन पाठ द्यायला वेळच उरत नाही. आठ मुले असतील तर सोळा मिनिटांत ऐकणे होते. म्हणजे ऑनलाइन वर्ग लहान हवा. ‘आमच्या वर्गाला शंभर मुले जोडली जातात’ हे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा, त्या शंभरांपैकी किती जणांचा आवाज शेवटचा कधी ऐकला, हा प्रश्न विचारण्याजोगा असतो. तांत्रिक काम पाहणाऱ्यानेच तो विचारायला हवा. कारण कोणाचा माइक आठवडाभर उघडलाच नाही, हे त्याच्याच ध्यानात येऊ शकते.

आता पुन्हा सामायिकाकडे. श्रावकाचे सामायिक दोन करण आणि तीन योगांनी असते: मन, वचन आणि काया यांनी सावद्य कर्म करायचे नाही, आणि दुसऱ्याकडून करवायचेही नाही. विजेत तेजस्कायाचे जीव आहेत की नाहीत याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत, आणि त्या वादाची जागा येथे नाही. परंतु ज्या घरांत तो दंडक पाळला जातो तेथे सामायिकात बसलेल्या शिक्षिकेला स्वतः माइक बंद करता येत नाही, इतकेच नव्हे, तर ‘त्याचा माइक बंद कर’ असे सांगताही येत नाही. म्हणून मदतनीसाला न सांगता समजावे लागते. कोणत्या पाठानंतर कोणाची पाळी, मध्येच दुकानातून वडिलांची हाक आली तर काय करायचे, वीज गेली तर वर्ग कोणाच्या फोनवरून चालू ठेवायचा, हे सारे प्रत्याख्यान घेण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. जगात ऑनलाइन शिक्षणाच्या तांत्रिक साहाय्याची अनेक रूपे असतील. आज्ञा न देता चालणाऱ्या वर्गाचे हे रूप मात्र आपलेच.

वर्ग आणि सामायिक वेगळेच ठेवावे, हे अधिक योग्य दिसते. अर्धा-पाऊण तासाचा वर्ग फोनवर घ्यावा आणि नंतर मुलांनी वाळूची घडी समोर ठेवून आपापल्या घरी सामायिक करावे. पडद्यासमोर बसून समता साधणे मोठ्यांनाही जड जाते. मुलांकडून ती अपेक्षा कशाला? पण याचा निर्णय ज्या त्या संघाने घ्यायचा आहे.

लिपीचे दुखणे वेगळेच. अनेक जुनी स्तोत्रे आणि सूत्रे युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर त्यांची केवळ निरर्थक अक्षरे होतात. ती नव्याने टंकावीत तर कळफलक ‘धम्म’ लिहिताच ‘धर्म’ सुचवितो, आणि घाईत बोट पडले की सूत्राचा पाठच बदलतो. एका गटात पाठविलेला असा चुकीचा पाठ दहा गटांत जातो. छापील प्रत हाती घेऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याविना काहीही पुढे न पाठविणे, ही या कामातील पहिली शिस्त होय. ज्ञानाची आशातना टाळणे म्हणजे पुस्तकाला पाय न लावणे एवढेच नव्हे.

मुलांच्या ध्वनिमुद्रणांचाही प्रश्न आहे. कौतुकाने मुलीचा पाठ मुद्रित होतो, नाव-गावासह गटात फिरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. संमती घेण्याची सवय आपल्या मंडळांनी आतापासूनच लावून घ्यावी.

आणि मोबदल्याचे काय? जीएसटीचे विवरण वेळेवर जावे म्हणून जो व्यापारी सल्लागाराला नियमाने शुल्क देतो, टॅली सांभाळणाऱ्या मुनिमाचा पगार पहिल्या आठवड्यात चुकता करतो, त्यालाच पाठशाळेचे ऑनलाइन काम ‘सेवा’ म्हणून फुकट व्हावे असे वाटते. सेवेला विरोध नाही. परंतु सेवा करणारी सून दुपारची भांडी बाजूला सारून वर्ग जोडून देते, स्वतःच्या फोनचा डेटा खर्च करते, आणि वर्ग तुटला तर बोलणी खाते, तेव्हा संघाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी एक ओळ असावी. निदान एक चांगला फोन, वर्षाचे शुल्क भरलेले खाते आणि रजेच्या दिवशी काम पाहणारी दुसरी व्यक्ती, इतके तरी.

तिच्या वाट्याचे आणखी एक देणे कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. सारा वर्ग सामायिकात असतो तेव्हा ती एकटी सामायिकाबाहेर असते. कारण कोणीतरी फोनला हात लावणारे असावे लागते. मुले पाठ म्हणून उठतात, एकमेकांना जय जिनेंद्र करतात, पडद्यावरची चौकोनी खिडकी एकेक करून मिटत जाते. मग ती फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, आसन पसरते आणि वाळूची घडी उलटी करते.