फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचे पूर्वकर्म आणि आपण

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. फुप्फुसाच्या बाबतीत प्रधानकर्म आपल्या हाती नाही हे उघड आहे. परंतु पूर्वकर्मातील आपला वाटाही आपण का सोडून द्यावा, हा प्रश्न पापडीसारख्या गावी व्यवसाय करताना वारंवार पडतो.

वसई परिसरातील रुग्णाच्या फुप्फुसात गाठ आढळली की तो बहुधा परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतो. तपासण्या आणि शस्त्रक्रियेची तारीख यांमधील दिवस मात्र तो घरी काढतो आणि ‘शक्तीचे काही द्या’ म्हणत आपल्याकडे येतो. आपण रसायन लिहितो, औषधविक्रेते बाटली काढून देतात. श्वासाविषयी कोणीच बोलत नाही.

छाती उघडल्यानंतर वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो; कफ तळाशी साचतो आणि न्यूमोनिया जडतो. वेदनेत नवी क्रिया शिकणे कठीण, म्हणून ती आधीच अंगवळणी पडावी लागते. २०२२ सालच्या कॉक्रेन समीक्षेत दहा चाचण्यांतील ६३६ रुग्णांचा विचार झाला. शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम केलेल्यांत श्वसनाचे उपद्रव निम्म्याहून कमी आढळले. अर्थात त्या व्यायामात चालणेही होते, केवळ श्वसन नव्हे. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांबाबत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर फिजिओथेरपिस्टने आधी दिलेल्या अर्ध्या तासाच्या एकाच शिकवणीने असे उपद्रव निम्म्यावर आले. अर्धा तास आपणापैकी कोणाला देता येणार नाही?

शिकवायचे ते साधे आहे. सावकाश दीर्घ श्वास, दोन-तीन सेकंद थांबणे, संथ उच्छ्वास. छातीशी उशी धरून खोकणे. झेपेल तेवढे चालणे. तीन चेंडूंचे यंत्र विकणाऱ्या औषधविक्रेत्यांस एक विनंती : ते फुंकायचे नसून त्यातून श्वास आत ओढायचा असतो, एवढे गिऱ्हाइकास दाखवूनच द्यावे. कित्येक रुग्ण ते फुग्यासारखे फुंकत बसलेले मी पाहिले आहेत!

येथे आपल्या उत्साहालाही आवर हवा. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण म्हणून अशा रुग्णास भस्त्रिका, कपालभाती वा दीर्घ कुंभक सांगू नये. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा फुप्फुसात हवेचे फुगे असतील तर शल्यचिकित्सकास विचारल्याविना काहीच सुरू करू नये. विडी व मशेरी त्याच दिवशी बंद करवावी. चालू असलेले काढे, गुग्गुळकल्प व भस्मे यांची यादी रुग्णाजवळ लिहून द्यावी. भूलतज्ज्ञाला ती लागते, आणि ती लपविण्याची सवय काही अंशी आपणच रुग्णांना लावली आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या तयारीसाठी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्याचा सल्ला आपण देऊ नये. मिळतील तेवढेच दिवस आपले.