उजेडाची ही गुंडगिरी थांबवा!

शनिवारी रात्री नऊनंतर कर्जतच्या चारफाट्यावरून पळसदरीमार्गे खोपोलीला निघा. ज्याने बाजारातून जास्त प्रखर दिवा विकत आणला, रस्ता त्याच्या बापाचा, हा नवा कायदा तिथे अमलात आलेला दिसेल. समोरून पांढराफटक झोत अंगावर येतो. वळण दिसत नाही, साइडपट्टी दिसत नाही, आणि त्या पट्टीवरून डोक्यावर मोळी घेऊन वाडीकडे परतणारी ठाकर-कातकरी बाई तर नाहीच नाही. आपण डिपर देतो. समोरचा ढिम्म! देणार कुठून? त्याच्या गाडीत डिपर नावापुरताच उरला आहे. दांडी वर केली काय, खाली केली काय, उजेड चहूकडे सारखाच फुटतो. लोक याला हौस म्हणतात. आम्ही याला गुंडगिरी म्हणतो.

मुंबई-पुण्याच्या फार्महाऊसवाल्यांना नावे ठेवून आमची सुटका नाही. टपावर दिव्यांची माळ चढवून ते येतात हे खरे. पण कडाव, कशेळे, चौक, मोहोपाड्याची आमचीच पोरे दुचाकीलाही तोच दिवा लावून त्यांच्याशी बरोबरी करतात. आणि पुढाऱ्यांच्या गाड्या? १ मे २०१७ पासून टपावरचा लाल दिवा उतरला. तो मोठेपणा आता बंपरवर येऊन लखलखतो आहे.

या धंद्याला अज्ञानावर बरकत आहे, म्हणून जरा खोलात जाऊ. हॅलोजनच्या एच-फोर बल्बात दोन फिलामेंट असतात, एक अप्परचे, एक डिपरचे. डिपरच्या फिलामेंटखाली धातूचा एक चिमुकला पडदा असतो. तो निम्मा उजेड अडवतो, म्हणून झोत रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या तोंडावर नाही. मागचा आरसा त्याच फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. त्या खोबणीत पाचशे रुपयांचा एलईडी कोंबला, की उजेडाचा उगम जागचा हलतो आणि आरशाचे सगळे गणित कोसळते. दुसरी गोष्ट याहून गमतीची. आपण डावीकडून गाडी हाकतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डाव्या अंगाला किंचित उचललेला असतो, कडेने चालणारा माणूस दिसावा यासाठी. उजवीकडून वाहने चालवणाऱ्या देशांसाठी बनलेले हेडलाइट स्वस्तात मिळाले म्हणून बसवले, की तोच उचललेला झोत थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यात घुसतो. चैत्रात जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने एकवीरेच्या पालख्या पायी निघतात. ऊन टाळण्यासाठी रात्री चालणाऱ्या त्या माणसांनी कोणाच्या भरवशावर घाट चढायचा?

हा झाला बाहेरून दिसणारा गुन्हा. खरा अंधार बोनेटखाली आहे. आमच्या भागातली कोणतीही तीन हात फिरलेली सेकंडहँड गाडी घ्या, हेडलाइटमागे हात घाला. कंपनीच्या वायरिंगला ब्लेडने सोलून, तिथे पीळ देऊन एक लाल वायर जोडलेली असते. त्यावर काळी टेप. इंजिनाच्या उष्णतेने ती चिकट होऊन सुटत आलेली. वायर सुतळीने एसीच्या पाइपला बांधलेली आणि पुढे पत्र्याला पाडलेल्या भोकातून केबिनमध्ये गेलेली. भोकाला रबर नाही. गाडी हादरली की पत्र्याची धार वायरीवर घासते. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस त्या उघड्या जोडात शिरतो, तांब्यावर हिरवट थर चढतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत फ्यूज शोधा. नाही! डॅशबोर्डखालून एखादी निळी वायर येते आणि गालिच्याखाली नाहीशी होते. ती फॉगलॅम्पची, जुन्या ट्रॅकरची, की चोरी रोखायला पेट्रोलपंपाच्या वायरीत घातलेल्या छुप्या कट-ऑफची? मालकाला माहीत नाही. आधीच्या मालकाला विचारा, तो म्हणतो, माझ्याही आधीची आहे. ज्याने ती घातली त्याने दुकान केव्हाच बदलले.

आता आकडे ऐका. कंपनीच्या साठ वॅटच्या दोन बल्बांना बारा व्होल्टवर सुमारे दहा अँपिअर लागतात. शंभर वॅटचे दोन लावले, की सोळा-सतरा. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. वायर मात्र जुनीच, होल्डर प्लास्टिकचाच. मग होल्डर वितळतो, स्विच करपतो, एखाद्या रात्री घाटातच दोन्ही दिवे एकदम जातात. नशीब फुटकेच असेल तर बोनेटमधून धूर निघतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘शॉर्टसर्किटने गाडी खाक’. जणू शॉर्टसर्किट आभाळातून पडते!

लाज वाटावी अशी गोष्ट ही की हे सारे खोपोलीच्या परिसरात घडते. १९१५ साली इथल्याच टाटांच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. विजेला शिस्त लागते हे या मातीने तेव्हाच पाहिले. शंभर वर्षांनी त्याच मातीत फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळणारे हात आम्हाला ‘उस्ताद’ वाटतात!

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तबही केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. कायदा आहे, कलम आहे, शिक्षा आहे. नाही तो फक्त रात्री रस्त्यावर उभा राहणारा अधिकारी. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग क्षणात वाचला जातो. त्याच गाडीच्या दिव्याकडे पाहायला कोणाला सवड नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. स्वस्त गाड्यांचे मूळ दिवे मिणमिणते असतात आणि आमच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे शोधावे लागतात. चालकाला जास्त उजेड हवासा वाटणे हा गुन्हा नव्हे. पण त्याची सरळ वाट आहे. पिवळी पडलेली काच घासून घ्या किंवा मूळ बनावटीचा हेडलाइट बसवा, पुष्कळांची तक्रार तिथेच मिटेल. मूळ वॅटचाच बल्ब ठेवा, वीज थेट बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे द्या, त्याच बल्बाचा उजेड खुलतो. भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली आणा. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर उतार हा साधारण हिशेब. आणि अनोळखी वायर दिसली तर आधी बॅटरीचे निगेटिव्ह काढा. मग वायरीची दोन्ही टोके शोधा, निगेटिव्ह परत जोडून ती काय चालवते ते टेस्ट लॅम्पने पाहा, चिठ्ठी लावा. न कळलेली वायर कापणारा आणि न विचारता जोडणारा, दोघेही एकाच माळेचे मणी!

गॅरेजवाल्या पोराला फासावर द्या, असे आम्ही म्हणत नाही. तो उस्तादाकडे चहा आणता आणता शिकला. त्याला वायरिंगचा नकाशा वाचायला कोणी शिकवले? आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्या अशा मुलांसाठी उघडा. बल्ब विकणाऱ्या दुकानदाराला हात लावायला भिणारे खाते दुचाकीस्वाराची पावती फाडून शूर होते, हा भेकडपणा थांबवा. आणि ग्राहकांनो, कोणती वायर कुठून कुठे नेली, किती अँपिअरचा फ्यूज घातला, हे बिलावर लिहून मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

परिवहन अधिकाऱ्यांना आमची मागणी एकच. येत्या शनिवारी रात्री चारफाट्यावर आणि खोपोलीच्या शिळफाट्यावर मोजपट्टी घेऊन उभे राहा. दिपवणारा दिवा जागेवर उतरवा. आणि पहिली गाडी अडवाल ती सरकारी असू द्या.