ढेकूण : लाज सोडा, विष टाळा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावातल्या एका जुन्या वाड्यात राहणारे शिक्षकाचे कुटुंब अनेक वर्षांपासून माझ्याकडे येते. त्या वेळी घरातल्या बहुतेकांची एकच तक्रार होती, ती म्हणजे खाज. धाकट्या मुलाच्या अंगावर लाल गांधी, मोठ्या मुलीच्या मानेवर आणि दंडावर पुरळ, वहिनींचे तर खाजवून खाजवून हात सोललेले. मास्तरांना मात्र काहीच नव्हते. प्रथम मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. गुण येईना म्हणून खरूज असेल असे समजून सगळ्या घराला अंगाला लावायचे औषध दिले, तेही दोनदा. खाज तशीच राहिली.

पुढे आजींचा रक्तदाब पाहायला मी त्यांच्या घरी गेलो. आजींची उशी सरळ करताना गादीची कड वर आली आणि माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. शिवणीवर शाई शिंतडावी तसे काळे ठिपके होते आणि घडीत चार-सहा ढेकूण बसलेले होते. मी वहिनींकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"डॉक्टर, आम्हांला ठाऊक होतं हो. पण सांगायचं कुणाला? ताईच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. ढेकणांचं घर म्हणून नाव झालं तर?"

एवढ्यात त्यांचे दीर आतून आले. त्यांच्या हातात धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्यांची बंद नळी होती. ते म्हणाले, "आज रात्री निकाल लावतो, डॉक्टरसाहेब. कॉटखाली ठेवतो आणि दार लावून घेतो. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत झोपू."

वाचकहो, त्या दिवशी मला तिथे जायला एक दिवस उशीर झाला असता, तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. या लेखात ढेकणांविषयी माहिती आहेच, पण मला सांगायचे आहे ते याहून थोडे वेगळे. ढेकूण माणसाचा जीव घेत नाही. ढेकूण लपवण्याची आपली लाज आणि त्याला मारण्यासाठी आणलेले विष, या दोन गोष्टी मात्र घेऊ शकतात.

आधी लाजेचे बोलू. ढेकूण म्हणजे गलिच्छपणा, हा समज खोटा आहे. ढेकणाला घाण लागत नाही, त्याला माणसाचे रक्त लागते. ते लखलखीत बंगल्यातही मिळते आणि झोपडीतही. पसारा असेल तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढाच काय तो फरक. संस्कृतात याला 'मत्कुण' म्हणतात, म्हणजे ही सोबत जुनीच आहे. डीडीटी आल्यावर जगभर ढेकूण कमी झाले, पण लवकरच त्यांना त्या औषधाची सवय झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी पुन्हा डोके वर काढले. २०१० च्या सुमारास न्यूयॉर्क शहर त्यांनी हैराण झाले होते आणि २०२३ साली पॅरिसमध्ये सिनेमागृहांतल्या नि रेल्वेतल्या ढेकणांची चर्चा जगभर गाजली. पॅरिसच्या लोकांना जी गोष्ट लपवता आली नाही, ती आपण शेजाऱ्यापासून का लपवावी?

लपवण्याचा खरा तोटा असा की ढेकूण त्या मुदतीत वाढतात. मादी आपल्या आयुष्यात शंभर-दोनशे, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. अंडी पांढरट असतात, जेमतेम एक मिलिमीटरची, आणि फटीत चिकटवलेली असतात. उबदार हवेत ती साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि दर वेळी त्याला रक्त प्यावे लागते. पूर्ण वाढलेला ढेकूण चपटा, तांबूस तपकिरी, सुमारे पाच मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा असतो. रक्त प्यायला की फुगतो आणि लालभडक दिसतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो चालतो किंवा आपल्या सामानातून प्रवास करतो. रक्त न मिळाले तरी तो आठवडेच्या आठवडे, गारव्यात तर काही महिनेही तग धरतो. म्हणून "सुट्टीत घर महिनाभर बंद होतं, मेले असतील" या भरवशावर राहू नये.

आता ओळखायचे कसे? नुसत्या चाव्यावरून नक्की सांगता येत नाही, मलाही आले नाही. सकाळी उठल्यावर चेहरा, मान, हात, पाय अशा उघड्या भागांवर, पुष्कळदा एका ओळीत किंवा पुंजक्याने गांधी दिसल्या तर संशय घ्यावा. खरजेत बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीचा भाग, कंबर आणि जांघ येथे बारीक पुरळ येते, कारण खरजेचा किडा कातडीतच राहतो. ढेकूण अंगावर राहत नाही, पोट भरले की परत फटीत जातो. काही माणसांच्या अंगावर चाव्याची खूणच उठत नाही. आमचे मास्तर त्यांतलेच. त्यामुळे ते वहिनींना महिनाभर "तुझं पित्त वाढलंय" असे ऐकवत होते. एकाच अंथरुणातल्या दोघांपैकी एकालाच त्रास होतो, म्हणून ढेकूण नाहीत असे समजू नका.

खात्री करायची ती अंथरुणात. गादीच्या शिवणी, उशीच्या कडा, कॉटचे सांधे, दिवाणाच्या फळ्या, नवारीच्या पट्ट्या, भिंतीतल्या भेगा, कॅलेंडर आणि तसबिरींच्या मागची बाजू बॅटरी घेऊन तपासा. काळे ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. चादरीवर रक्ताचे डाग, टाकलेल्या काती, कोपऱ्यात येणारा उग्र गोडसर वास, या बाकीच्या खुणा. जुन्या पत्त्याची किंवा पोस्टकार्डाची कड फटीतून फिरवली की आत दडलेले बाहेर येतात.

ढेकणांमुळे एड्स किंवा कावीळ होते का, असे पुष्कळ जण हळूच विचारतात. घरातल्या ढेकणाच्या चाव्याने माणसाला असा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही. त्रास होतो तो खाजेचा, खाजवून जखमा चिघळण्याचा आणि झोप मोडण्याचा. लहान मुलांची नखे कापून ठेवा, गांधीवर थंड पाण्याची घडी किंवा कॅलामाइन लावा. पू झाला किंवा अंग सुजले तर डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना घरात ढेकूण आहेत हेही सांगा. ते एक वाक्य मास्तरांच्या घरी कोणी आधी बोलले असते, तर माझी तीन औषधे वाया गेली नसती.

आता विषाकडे वळतो. धान्यात ठेवायच्या त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तो दाराखालच्या फटीतून, झरोक्यातून शेजारच्या खोलीत जातो. दार लावून घेतल्याने तो अडत नाही. आधी उलट्या, पोटात दुखणे, छातीत धडधड, धाप, आणि मग रक्तदाब उतरत जातो. या विषावर उतारा नाही. ढेकूण राहोत, झोपलेली मुले सकाळी उठतील याचीही खात्री नाही. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. पिकावर फवारायच्या औषधाचेही तेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या रानात. तेच औषध बंद खोलीत, ज्या गादीवर तान्हे मूल झोपते तिच्यावर शिंपडायचे? रॉकेल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. चुकून असे काही झालेच आणि कोणाला उलटी, लाळ, घाम, धाप सुरू झाली, तर सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवा. लिंबू-मीठ पाजत बसू नका, तडक इस्पितळ गाठा आणि औषधाचे वेष्टण सोबत न्या.

मग ढेकूण घालवायचे कसे? उष्णता आणि चिकाटी. पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी, दोन्ही मरतात. कॉट अंगणात काढून सांध्यासांध्यांत उकळते पाणी ओता, मुलांना लांब ठेवून. चादरी, अभ्रे, गोधड्या, मच्छरदाणी कडकडीत पाण्यात भिजवून धुवा. शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. गादी उन्हात टाकली की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून ती दर तासाला उलटा, झटका आणि शिवणी ब्रशने साफ करा. बाहेर पडलेले ढेकूण साबणाच्या पाण्यात टाका. भिंतीच्या भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. कॉट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि कॉटच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. आमच्या वसतिगृहात आम्ही हेच करत होतो. चाव्याला कंटाळून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, कारण ढेकूण तिकडेही पोचतात.

हे सगळे एकदा करून भागत नाही. राहिलेली अंडी फुटतात, म्हणून दर आठवड्याला, निदान दीड-दोन महिने करा. एवढ्याने आटोक्यात आले नाही तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. औषधाचे नाव विचारा, किती तास घराबाहेर राहायचे ते विचारा आणि दोन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरवून घ्या. नेहमीच्या फवाऱ्यांची पुष्कळ ढेकणांना सवय झाली आहे, त्यामुळे एका फवारणीत कायमची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नवे ढेकूण येतात ते बहुधा प्रवासातून आणि जुन्या सामानातून. लॉजवर गेलात तर आधी गादीची कड उचलून पाहा, बॅग जमिनीवर ठेवू नका, घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका. जुनी कॉट किंवा सोफा स्वस्तात मिळाला तरी फटी तपासल्याशिवाय घरात घेऊ नका. आणि आपली भरलेली गादी रस्त्यावर टाकून दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका.

मास्तरांच्या वाड्यात पाच बिऱ्हाडे आहेत. भिंती एकमेकींना लागून असल्यामुळे एकट्याने साफ करून उपयोग नव्हता. मी वहिनींना म्हटले, "वहिनी, शेजारी जाऊन सांगा." त्या दोन दिवस अडखळल्या, पण शेवटी गेल्या. कळले ते असे की पाचपैकी चार घरांत ढेकूण होते आणि चौघेही एकमेकांपासून लपवत होते! मग एका रविवारी सगळ्या कॉट अंगणात आल्या, चुलीवर पाण्याचे हंडे चढले. पुढचे आठही रविवार हेच चालले. श्रावण लागेपर्यंत वाडा शांत झोपू लागला. ती गोळ्यांची नळी दिरांनी त्याच दिवशी, न उघडता, जिथून आणली तिथे परत केली होती.

ताईचे लग्न दिवाळीनंतर झाले. नावाला काही बट्टा लागला नाही. तुमच्याही घरात आज रात्री कोणी खाजवत उठले, तर औषधाच्या दुकानाआधी गादीची शिवण पाहा. आणि काही सापडले तर शेजाऱ्याला सांगा. बहुधा तोही सांगायला कोणी भेटेल याची वाट पाहत असेल.