ओळखीचे पत्र



या खेपेस आम्हाला एका पत्राविषयी लिहायचे आहे. पत्र आहे आपल्याच समाजातील एका मुलीचे. वय वर्षे 24, घर अश्दोदला, शिक्षण जेरुसलेमच्या बेझलेल अकादमीत. बोरिस शाट्झ यांनी 1906 साली काढलेली ही कलाशाळा आपल्या सर्वांना ऐकून तरी ठाऊक आहे. मुलीचे आजी-आजोबा साठीच्या दशकात तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून अलिया करून इथे आले. सैन्यातील सेवा संपल्यावर तिच्या मैत्रिणी मनाली नि गोवा करून आल्या, ही मात्र राहून गेली. आता शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिने विषय घेतला आहे तो आपल्या आडनावांचा! पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नागावकर, झिराडकर, चेऊलकर. ज्या गावांवरून ही नावे पडली त्या गावांत जायचे, तिथल्या घरांचे दरवाजे, पडव्या, विहिरी आणि कुठे उरला असेल तर तेलाचा घाणा, यांची चित्रे काढायची आणि त्यांचे पुस्तक करायचे.

आता हे काम लॉजवर राहून कसे व्हायचे? घरात राहिल्याशिवाय घराचे चित्र येत नाही, असे तिचे म्हणणे. पण राहणार कुणाकडे? मुंबई-ठाण्यात दूरची दोन-चार नाती आहेत, पण ज्या गावाचे नाव ती लावते तिथे आज तिचे कुणीच नाही. म्हणून तिने ‘सर्वास’ या संस्थेत नाव घातले, आणि ओळखीच्या पत्रातला मराठी मजकूर तपासून द्या म्हणून ती आमच्याकडे आली.

सर्वासविषयी थोडे सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेलेला बॉब लुइटवायलर नावाचा एक अमेरिकन तरुण पुढे डेन्मार्कला गेला. तिथे 1949 साली त्याने मित्रांबरोबर ही चळवळ सुरू केली. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावे, एका ताटात जेवावे, म्हणजे पुढचे युद्ध थोडे अवघड होईल, अशी साधी कल्पना. ‘सर्वास’ हा शब्द एस्पेरांतो भाषेतला, अर्थ ‘सेवा करतो’. राहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा, यजमानाने आपणहून आग्रह केला तरच पुढे. आपले वाडवडील म्हणायचे ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई! डेन्मार्कच्या लोकांना ही म्हण कुणी सांगितली कोण जाणे.

सर्वासची खरी खूण म्हणजे ते ओळखीचे पत्र. प्रवाशाने आधी संस्थेच्या माणसाला भेटायचे, मुलाखत द्यायची. मग स्वतःविषयी लिहिलेले पत्र मंजूर होते, तेही एका वर्षापुरते. पुढे इंटरनेट आल्यावर अशाच दुसऱ्या सोयी निघाल्या. 1999 साली केसी फेन्टन नावाच्या अमेरिकन तरुणाने आइसलँडच्या विद्यापीठातील सुमारे 1,500 विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवून राहण्याची जागा विचारली आणि पन्नासाहून अधिक घरांतून ‘ये’ असे उत्तर आले. त्यातून 2004 साली ‘काउचसर्फिंग’ उभे राहिले. पुढे 2011 मध्ये त्याची नफ्याची कंपनी झाली आणि 2020 पासून बऱ्याच देशांत सदस्यांकडून वर्गणी घेतली जाऊ लागली. असो. पद्धत कुठलीही असो, दार उघडणाऱ्याच्या हातात आधी काय असते? अनोळखी माणसाने स्वतःविषयी लिहिलेल्या चार ओळी. तेवढ्यावर तो ठरवतो, घरात घ्यायचे की नाही.

मुलीने पहिल्यांदा लिहून आणलेल्या चार ओळी अशा होत्या: मी क्रिएटिव्ह आहे, मला रंग आवडतात, प्रवास आवडतो, नवी माणसे आवडतात, मी मोकळ्या मनाची आहे. सगळे खरे होते, पण रेवदंड्याच्या की पेणच्या घरातल्या बाईला यातून काय कळणार? तिच्या मनातले प्रश्न वेगळे. तू कुठली? कुणाची? कशाला आलीस? किती दिवस? काय खातेस, काय खात नाहीस? रात्री वेळेवर घरी येशील ना? आमच्या आधीच्या पिढीला हे प्रश्न कुणी विचारले तर आडनाव सांगितले की निम्मी उत्तरे होऊन जात. आणि ‘शनवार तेली’ म्हटले की उरलेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक, एवढी ओळख कोकणात पुरे होती. आज ती ओळख सांगणारी माणसे तिथे किती राहिली?

म्हणून आम्ही तिला म्हटले, पोरी, गुण सांगू नकोस, गोष्टी सांग. पण लिहायला बसल्यावर दोन ठिकाणी गाडी अडली, आणि ती दोन ठिकाणे वाचकांसमोर ठेवावीत म्हणूनच हा प्रपंच.

पहिले ठिकाण गावाचे. तिने मोठ्या हौसेने लिहिले होते, ‘मी तुमच्याच गावची मुलगी आहे.’ तिची आजी शेजारीच भाजी निवडत बसली होती. आजीबाईंनी मान वर केली नि म्हणाल्या, “असं लिहू नको गं. लोकांना वाटेल, जमिनीचा हिस्सा मागायला आली!” आम्हाला आधी हसू आले, मग पटले. अलिबागच्या आसपास आज जमिनीचे भाव कुठे पोचले आहेत हे मुंबईच्या वर्तमानपत्रात कुणीही वाचावे. साठ वर्षांपूर्वी घर विकून गेलेल्या कुटुंबातली मुलगी अचानक उगवून ‘मी इथली’ म्हणू लागली तर समोरचा माणूस आधी सातबारा आठवणार. आजीबाई पुढे म्हणाल्या, “गाव आपण सोडलं, गावानं आपल्याला नाही सोडलं. गावची आहेस की नाही, ते त्यांनी ठरवू दे.”

दुसरे ठिकाण अधिक अवघड. मुलीने हळूच विचारले, “इस्राएलहून आले असं लिहू की नुसतं ‘परदेशातली विद्यार्थिनी’ लिहू?” ऑक्टोबर 2023 नंतर इथल्या मुलांना परदेशी जाताना हा प्रश्न पडतो, हे आपल्यापैकी ज्यांची नातवंडे बाहेर फिरतात त्यांना नव्याने सांगायला नको. आईचे म्हणणे पडले, नको लिहू, कशाला उगीच विषय? कोण कसं घेईल सांगता येत नाही. आईची काळजी खोटी नाही. तरीही आम्ही सांगितले, लिही. कारण उघड आहे. यजमानाला नाही म्हणायचे असेल तर त्याला ते पत्र वाचूनच म्हणता आले पाहिजे. दारात उभी राहिल्यावर, हातात पिशवी नि डोक्यावर पाऊस असताना, कोकणातला माणूस कुणालाही ‘जा’ म्हणणार नाही. मनात असले तरी म्हणणार नाही. म्हणजे त्याचा होकार आपण त्याच्याकडून काढून घेतला, त्याने दिला नाही. आणि मुलीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हेच बरे. सगळे वाचून ज्याने बोलावले त्याच्याकडे रात्री निर्धास्त झोप लागते.

यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी आम्हाला विचारले, “अब्राहाम अवीनूने त्या तीन पाहुण्यांकडे ओळखीचे पत्र मागितले होते का?” नव्हते मागितले. तो धावत पुढे गेला, पाय धुवायला पाणी दिले, भाकर देतो म्हणून मेजवानी वाढली. हाखनासात ओर्खीम म्हटले की आपल्याला तोच तंबू आठवतो. पण तो धडा यजमानाचा आहे, हे विसरू नये. यजमानाने न विचारणे हे त्याचे मोठेपण, पाहुण्याने न सांगणे हे मोठेपण नव्हे.

शेवटी आजीबाई, नात आणि आम्ही मिळून जे पत्र तयार केले ते तिच्या परवानगीने (नाव-गाव गाळून) इथे देत आहोत:

“सप्रेम नमस्कार. मी इस्राएलमध्ये राहणारी, बेने इस्राएल समाजातील मुलगी. मी ज्यू आहे. जेरुसलेमला चित्रकला शिकते. माझी आजी तुमच्या भागात जन्मली. आमचे तिथे आता घर नाही, जमीन नाही आणि त्याविषयी काही विचारायलाही मी येत नाही. मला जुन्या घरांची चित्रे काढायची आहेत. माणसांचे चित्र किंवा फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही. नाही म्हटलेत तर वही मिटेन.

मराठी मला कळते, बोलताना अडखळते. हळू बोललात तर बरे. मी दोन रात्री राहीन, तिसऱ्या दिवशी सकाळी निघेन. डुकराचे मांस, कोलंबी, खेकडे खात नाही. मटण-कोंबडीही बाहेर खात नाही. डाळ, भात, भाजी, भाकरी, अंडी चालतात. वेगळे काही करू नका. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत मी प्रवास करत नाही, म्हणून ते दोन दिवस टाळून येईन. झोपायला चटई पुरे. पावसाचे दिवस आहेत, ओले कपडे वाळत घालायला दोरी मिळाली तर उपकार होतील.

माझ्याकडून देण्यासारखे: मुलांना चित्र काढायला शिकवीन. तुमच्या घराच्या दाराचे एक चित्र तुमच्यासाठी काढून ठेवीन. टोमॅटो-अंड्यांची शकशुका चांगली करते, स्वयंपाकघरात येऊ दिलेत तर. ताट माझे मी घासेन. तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट कळवा, मला वाईट वाटणार नाही.”

वाचकहो, या पत्रात ‘क्रिएटिव्ह’ हा शब्द नाही. पण दाराचे चित्र काढून ठेवीन म्हणणारी मुलगी कशी असेल हे वाचणाऱ्याला कळते की नाही?

पत्र मुंबईच्या एका सर्वास कुटुंबाकडे गेले, त्यांनी ते आपल्या ओळखीने पुढे गावांत पाठवले. आम्ही हे लिहीपर्यंत तीन उत्तरे आली. दोन घरांनी ये म्हटले. एकाने तर विचारले, तेलाचा घाणा बघायचा असेल तर आमच्या चुलत्यांकडे त्याचा दगड पडून आहे, चालेल का? तिसऱ्या घराने नम्रपणे नाही कळवले. कारण दिले नाही, आणि मुलीने विचारलेही नाही. पत्राचा उपयोग झाला तो इथेच.

आता आई-वडिलांसाठी चार गोष्टी. सगळ्या जुन्याच, पण मुली ऐकतात असे नाही. यजमानाने स्वतःविषयी लिहिलेलेही नीट वाचावे. निघण्याआधी घरातल्या बाईशी फोनवर बोलावे, नुसते निरोप पाठवू नयेत. प्रत्येक मुक्कामाचा पत्ता नि तारीख घरी लिहून ठेवावी. लॉजच्या एका रात्रीपुरते पैसे वेगळे बाजूला असावेत, म्हणजे कुठे मन खट्टू झाले तर भिडेखातर थांबावे लागणार नाही. आणखी एक, भारतात परदेशी पाहुणा घरी उतरला तर यजमानाला त्याची नोंद 24 तासांच्या आत सरकारकडे करावी लागते. तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची प्रत आधीच पाठवावी, म्हणजे त्या बिचाऱ्यांची धावपळ होत नाही.

आणि जाता जाता आपल्याविषयी. आपली मुले दुसऱ्यांच्या घरी राहतात, मग लोद, रामले, दिमोना, बेरशेबा इथली आपली घरे का मागे राहावीत? मुले लग्न होऊन गेली, एक खोली रिकामी आहे, असे कितीतरी जण आम्हाला सांगतात. यजमानालाही स्वतःविषयी लिहावे लागते, बरं का! तेव्हा तिथेही गुण नकोत, गोष्टी लिहा. घर कोशेर आहे का, शब्बाथला दिवे-फोन कसे असतात, तिसरा मजला असून लिफ्ट नाही, घरात ममाद आहे की खाली मिकलातपर्यंत धावावे लागते, पाहुण्याला त्याच खोलीत झोपावे लागेल का, आजोबांना ऐकू कमी येते, सकाळी पाचला उठून चहा होतो, हे सगळे लिहा. वाचून ज्याला यायचे नाही तो येणार नाही. जो येईल त्याला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर धाप लागेल, पण तक्रार करणार नाही.

ज्यांना असे पत्र मराठीत, हिब्रूत किंवा इंग्रजीत लिहायला मदत हवी असेल त्यांनी या सदराकडे निःसंकोच कळवावे. आजीबाईही मदतीला तयार आहेत. मात्र त्या भाजी निवडता निवडता चुका काढतात, एवढे आधीच सांगून ठेवतो.