सराव पाठात न भेटणारे पालक

आपल्या शाळेत पालक येतात ते प्रायः तीन प्रसंगी. जूनमध्ये मुलाला वसतिगृहात सोडायला, भेटीच्या रविवारी डबा घेऊन, आणि मुलाने काही आगळीक केली तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायला. तिन्ही प्रसंगी त्यांची जागा ठरलेली असते आणि ती वर्गाच्या बाहेर असते. आम्ही येथे शिकत होतो तेव्हाही हेच होते. आमच्यापैकी काहींचे आईवडील वर्षानुवर्षे या आवारात येत राहिले. पण ज्या फळ्यासमोर त्यांची मुले घडली, तो फळा त्यांनी कधी जवळून पाहिला नाही.

आज आम्ही बहुतेक जण शिक्षकी पेशात आहोत. दोघे-तिघे अध्यापक महाविद्यालयांत शिकवतात. म्हणून या स्मरणिकेसाठी आठवणींऐवजी एक मत लिहून देण्याची मुभा आम्ही संपादक मंडळाकडून मागून घेतली. ज्याला उद्या शिक्षक व्हायचे आहे, त्याने पदवी हाती पडण्यापूर्वी मूल आणि त्याचे आईवडील गणिताच्या वा विज्ञानाच्या एखाद्या कामात शेजारी बसून गुंतलेले पाहिले पाहिजेत, आणि त्यासाठी निवासी शाळेइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे आमचे मत आहे.

शिक्षक-प्रशिक्षणात सराव पाठ नाही असे नाही. २०१४च्या नियमावलीने बी.एड.चा अभ्यासक्रम २ वर्षांचा झाला आणि दुसऱ्या वर्षी शाळेतील आंतरवासिता किमान १६ आठवड्यांची ठरली. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु सराव पाठ म्हणजे काय, हे ज्यांनी तो दिला आहे ते जाणतात. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन या क्रमाने सारे लिहिलेले; मागच्या बाकावर वही उघडून बसलेले निरीक्षक; आणि पाहुण्या गुरुजींना सांभाळून घ्यायचे असते, हे पुरते उमगलेली मुले. या नाटकात सर्व पात्रे असतात, पालक तेवढा नसतो. पालकांच्या सहभागावर छात्राध्यापकाने परीक्षेत दहा गुणांचे उत्तर लिहिलेले असते. पालक त्याला पहिल्यांदा भेटतो तो नोकरी लागल्यावर, आणि तोही बहुधा तक्रार घेऊन.

ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील 'लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स' या संस्थेत १९८०च्या दशकाच्या आरंभी 'फॅमिली मॅथ' हा उपक्रम सुरू झाला. मुली गणितापासून दूर का राहतात, या चिंतेतून निघालेल्या 'ईक्वल्स' या कार्यक्रमाचे ते अपत्य. १९८६ साली त्याचे पुस्तक निघाले. मूल आणि पालक संध्याकाळी शाळेत एकत्र येतात आणि घेवड्याच्या बिया, काड्या, चौकटीचा कागद अशा घरगुती वस्तूंनी कोडी सोडवतात, एवढीच त्याची मांडणी. पुढे तेथील कित्येक अध्यापक महाविद्यालयांनी अशा संध्याकाळी भावी शिक्षकांवर सोपवल्या. आपल्याकडेही २०२२ साली 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात जिल्हा परिषद शाळांतून मेळावे भरू लागले. त्यांत आया मुलांचा हात धरून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात. पण ती व्यवस्था पहिलीच्या उंबरठ्यावरची आहे. सातवी-आठवीतल्या मुलाच्या बापाला गणिताच्या टेबलाशी कोण बोलावतो?

मागच्या हिवाळ्यात आम्ही बोलावून पाहिले. भेटीच्या रविवारी भोजनगृहात आठ टेबले मांडली आणि १४ छात्राध्यापक उभे केले. पहिला अर्धा तास सपशेल फसला, हे कबूल केले पाहिजे. छात्राध्यापकांनी तक्ते आणले होते, आणि तक्ता आला की भाषण येतेच. एकाने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण केला, तो ढळत नाही हे दाखवले, चौकोन केला, तो कलंडतो हे दाखवले. पण एकही काडी ना मुलाच्या हाती गेली, ना आईच्या. बाया पदर सावरून भिंतीशी बसल्या. पुरुष व्हरांड्यातच थांबले. "आमाले का समजते त्यातलं, सर?" एवढे बोलून त्यांनी मुलांना पुढे ढकलले. नेमक्या याच शब्दांत आमचे वडील या व्हरांड्यातून परत गेले होते.

कोंडी फुटली ती हळदीच्या टेबलावर. तिथली छात्राध्यापिका हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून तो लाल करून दाखवत होती आणि 'दर्शक' या उत्तराची वाट पाहत होती. एक बाई हसून म्हणाल्या, "हे तं रोजचंच आहे, मॅडम. भाजीचा डाग पडला अन् साबण लावला का लाल होते. उन्हात टाकलं का जाते." पहिले वाक्य मॅडमना ठाऊक होते, दुसरे नव्हते. त्यांनी विचारले, "उन्हात का जातो?" त्या दिवशी भोजनगृहात विचारला गेलेला, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलेला तो पहिला प्रश्न. तीन बायांत लगेच वाद जुंपला. एक म्हणे, कापड ओले असतानाच टाकले पाहिजे. दुसरी म्हणे, कोरडेही चालते. तिसरीच्या मते सकाळचे ऊन काही कामाचे नाही. मॅडमनी तक्ता बाजूला सारला आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायला घेतल्या. उन्हातली ओली, उन्हातली कोरडी, सावलीतली ओली, सावलीतली कोरडी अशी वाटणी त्या बायांनीच केली, आणि पोरे पट्ट्या घेऊन गच्चीवर धावली. हळदीतले कर्क्युमिन नावाचे रंगद्रव्य प्रकाशात विघटते, हे मॅडमनी नंतर पुस्तकातून शोधून काढले.

त्याच सुमारास भूमितीच्या टेबलाशी सातवीतल्या एका मुलाने आपल्या वडिलांना जवळजवळ ओढत आणले. ते गवंडी. टेबलावरच्या छात्राध्यापकाने आदल्याच आठवड्यात सातवीवर पायथागोरसच्या प्रमेयाचा पाठ दिला होता. भाषणाची हौस फिटल्यामुळे असेल, त्याने साधेच विचारले, "काका, खोलीचा कोपरा काटकोनात आहे, हे तुम्ही कसं पाहता?" "गुण्या लावतो. काम मोठं असलं तं दोरी." मग फरशीवर दोरी आली. कोपऱ्यापासून एका अंगाला तीन फूट, दुसऱ्या अंगाला चार. तिरपे माप पाच भरले तर भिंत गुण्यात आहे. तीन पोरांनी टोके धरली. छात्राध्यापक क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मी वर्गात शिकवलं ते याच्या उलट होतं." ते खरे होते. त्याचा पाठ काटकोनापासून निघून बाजूंच्या वर्गांपर्यंत गेला होता. काका बाजूंपासून निघून काटकोनावर पोचत होते. पुस्तकात यालाच प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात आणि परीक्षेला तो पाठ करतात. सहा-आठ-दहाने चालेल का, या प्रश्नावर काका म्हणाले, "चालते. मोठ्या खोलीले तेच घेतो." पाच, बारा, तेरा? ते त्यांना ठाऊक नव्हते. मुलाने कागदावर २५ आणि १४४ मिळवून १६९ केले, बापाने दोरी ताणली, आणि कोपरा जुळला.

येथे आम्हाला एका मोहापासून सावध राहावेसे वाटते. श्रमाचे गोडवे गाऊन माणसाला त्याच श्रमात बांधून ठेवण्याची कला आपल्या समाजाला नवी नाही, आणि या स्मरणिकेच्या वाचकांना ती कोणी शिकवायला नको. गवंडीकाकांना आले ते प्रमेय नव्हे, त्याची दोन उदाहरणे होती. तिसरे उदाहरण आणि ते का जुळते हे देणे शिक्षकाचे काम आहे, आणि मुलगा शाळेत आहे तो त्यासाठीच. नंतर व्हरांड्यात काका आमच्याशी बोलले. "पोराच्या हाती थापी येऊ नये म्हणून इथं ठेवला, सर. अन् तुम्ही त्याच्यासमोर मलेच दोरी धराले लावली." ही तक्रार होती की आणखी काही, हे आम्हाला आजही सांगता येत नाही. पण मूल घरून काय घेऊन येते आणि बाप त्याला कशापासून दूर पाठवतो, या दोन्ही गोष्टी शिक्षकाला एकाच वेळी दिसाव्यात, असे प्रसंग सराव पाठात येत नाहीत.

असे काही करावयाचे तर ते भेटीच्या रविवारीच व्हावे. पालकांचा रोज बुडवून शिक्षणाचा उत्सव करणे आम्हाला मान्य नाही. व्यासपीठ, हारतुरे, ध्वनिक्षेपक यांतले काही नको. अध्यापक महाविद्यालयांनी हा दिवस आंतरवासितेत धरावा, मात्र निरीक्षकांची वही घरी ठेवावी. छात्राध्यापकाने त्या रात्री एक पान लिहावे: आज कोणत्या पालकाने मला ठाऊक नसलेले काय सांगितले, आणि मी कुठे मध्येच बोललो. आमच्या १४ जणांच्या पानांत दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे पहिल्याहून लांब निघाली. एकाने तर एवढेच लिहिले की कापूस वेचणाऱ्या एका ताईंनी ४७ किलोचे ८ रुपयांप्रमाणे पैसे "पन्नासाचे चारशे, तिनाचे चोवीस काढले, तीनशे शहात्तर" असे सांगितले, तेव्हा तो स्वतः कागदावर मांडणीच करत होता.

खर्च म्हणाल तर दोरी, हळद, साबण, काड्या, तोही नगण्य. उरला वेळ, आणि तो द्यायला माजी विद्यार्थ्यांनी पाहुणे म्हणून नव्हे, टेबले उचलायला यावे. गच्चीवरच्या पट्ट्यांपैकी उन्हातल्या दोन्ही फिकट झाल्या; पण ओली आधी की कोरडी, हे पाहायला त्या दिवशी कोणी थांबले नाही. त्या तिघी बायांनी पुढच्या भेटीच्या रविवारी घरूनच कापड आणायचे ठरवले आहे.