मैदानावर गाळ टाकू नका

आपल्या शाळेचे मैदान सपाट करायला तळ्यातला गाळ टाकायचा, असे पालकांच्या सभेत बोलणे झाले. गाळ फुकट मिळतो म्हणून. माझे मत असे की गाळ शेतात न्यावा आणि मैदानाला मुरूम द्यावा.

कारण सांगते. गाळ म्हणजे काळी मातीच, पण अजून बारीक. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आखडते. म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्यात माझा कोपरापर्यंत हात जातो. शेताला ते चांगलेच. आजोबा म्हणतात, काळी आपली आपणच नांगरते. पण खो-खोत पळताना भेगेत पाय गेला तर? आणि पावसात ती पायाला लई चिकटते. मागच्या श्रावणात आमचा खेळाचा तास नुसता व्हरांड्यात झाला.

बाईंनी वर्गात बाटलीत माती आणि पाणी घालून हलवले. वाळू लगेच खाली बसली, तिच्यावर पोयटा बसला. चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते! तिचे कण इतके बारीक असतात, म्हणून त्यातून पाणी लवकर खाली जात नाही. नुसती वाळूपण नको, तिच्यात पाय रुततो. मुरमात थोडी माती असते, पाणी मारून दाबला की तो घट्ट बसतो. मात्र चाळून घ्यावा, नाहीतर गुडघे फुटतात.

तालमीतल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. खाशाबा जाधव मातीतच कुस्ती शिकले आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. (तिथे मात्र गादी होती.) खेळायच्या मातीची एवढी काळजी घेतात, मग आपल्या मैदानाला काहीही का टाकायचे?

कडेने हरळी राहू द्यावी. बाबा शेतातली हरळी खणून खणून दमतात, पण क्रिकेटच्या मैदानांवर हीच हरळी मुद्दाम लावतात. तिच्या मुळांना हवा लागते. फाटकापासून नळापर्यंत आपण सगळे एकाच वाटेने पळतो, तिथली माती दबून दगड झाली आहे, म्हणून तिथे एक काडी उगवत नाही. ती जागा पावसाआधी कुदळीने मोकळी करावी.

मोठ्यांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. १० सेंटीमीटर थर द्यायचा तर १३ घनमीटर मुरूम लागेल. दादाने हिशेब केला, दाबून बसतो ते धरून पाच-सहा ब्रास. ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांनी पुढच्या सभेत बाईंना सांगावे. चाळायला आम्ही चौथीची मुले-मुली येऊ. आमच्या घरी दोन चाळण्या आहेत.