श्वानांचे केशकर्तनालय आणि कायद्यातील पोकळी

मार्च उजाडला की मुंबई-पुण्यातील श्वानांच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये गर्दी होऊ लागते आणि मोठ्या, केसाळ कुत्र्यांच्या मालकांची मागणी बहुधा एकच असते : उन्हाळा आला, केस मुळापासून उतरवून टाका. हस्की, सेंट बर्नार्ड, गोल्डन रिट्रिव्हर ही मूळची थंड प्रदेशातील कुत्री आता शहरी सदनिकांत सर्रास दिसतात आणि त्यांची धाप पाहून मालकाचा जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे. हेतू दयेचाच असतो. मात्र ज्याच्या अंगावरून यंत्र फिरते त्या प्राण्याचे हित पाहण्याची जबाबदारी या व्यवहारात कोणावरही नेमकेपणाने टाकलेली नाही. प्रश्न हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात तो नियमनाच्या अभावाचा आहे.

मुळात उन्हाळ्यात केस उतरवावेत ही समजूतच बव्हंशी चुकीची आहे. या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि बाहेर लांब, राठ केस. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड ठेवण्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर असते. त्यामुळे केस भादरल्याने त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. उलट बाहेरच्या थरामुळे उन्हापासून त्वचेला मिळणारे संरक्षण जाते. हस्की, सॅमॉयेड, चाऊ चाऊ यांसारख्या जातींत तर भादरलेले केस कित्येक महिने नीट उगवत नाहीत, उगवले तरी खुरटे आणि ठिकठिकाणी विरळ. गरज असते ती आतली गळालेली लोकर विंचरून काढण्याची, म्हणजे त्वचेपर्यंत हवा पोहोचते. अर्थात, गुंत्यांच्या जटा होऊन त्वचा ओढली जात असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल, तर केस उतरवणे हाच सुज्ञ उपाय ठरतो. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींची गोष्टही निराळी. हा भेद ओळखणे हेच खरे ग्रूमरचे कौशल्य आहे.

याहून गंभीर मुद्दा आहे तो आंघोळीनंतर केस सुकवण्याचा. साठ किलोचा, दाट लोकरीचा कुत्रा पूर्ण कोरडा करायला तास-दोन तास सहज लागतात. काम घाईत उरकले तर वरचे केस कोरडे आणि आतली लोकर ओली राहते. पावसाळ्यातील दमट हवेत त्याच ओलाव्यातून त्वचा चिघळते. घाई टाळण्यासाठी दुसरा मार्ग शोधला जातो तो कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून त्यावर गरम हवेचा झोत सोडण्याचा, आणि तो थेट जिवाशी खेळ आहे. कुत्र्याच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ अंशांच्या आसपास गेले की उष्माघाताने अवयव निकामी होऊ लागतात. बंद खोलीत, दमट हवेत धापा टाकूनही बाष्पीभवन पुरेसे होत नाही. मुंबईचा पारा नागपूरपेक्षा खाली असला तरी आर्द्रतेचा हा धोका मुंबईतच अधिक. त्यातून कुत्रा बिथरणारा असेल तर त्याला शामक औषध देऊन काम भागवण्याचा मोह होतो. अशा औषधाने शरीराचे तापमान राखण्याची क्षमताही मंदावते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार पशुवैद्यकीय उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम आहे. तरीही पार्लरच्या दाराआड काय चालते, हे पाहणारी यंत्रणा नाही.

कायद्याची स्थिती मोठी विचित्र आहे. कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना हवा. पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. मात्र हे नियम विक्रीभोवती फिरतात. केवळ ग्रूमिंग करणारा त्यांच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी केवळ सूचना दिली की पुरते. हातात धारदार यंत्र घेणाऱ्या माणसाने कोणते प्रशिक्षण घेतले, हे त्यात कोणी विचारत नाही.

दुर्घटना घडल्यावर तरी दाद मिळते का? प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० मधील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. इतक्या पैशांत कुत्र्याचा कंगवाही येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असली, तरी त्यासाठी हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. निष्काळजीपणा त्यात सहजासहजी बसत नाही. उरतो तो ग्राहक आयोग. तेथे लढा सेवेतील त्रुटीचा होतो, आणि गेलेल्या जिवाची किंमत रुपयांत मांडावी लागते.

परवान्याचे नाव काढले की 'इन्स्पेक्टर राज'ची भीती व्यक्त होते आणि ती अगदीच निराधार नाही. या व्यवसायात बहुसंख्य तरुण मुले काम शिकत शिकत पोट भरतात, चावे सोसतात. त्यांच्यावर आणखी एक हप्ता लादण्यात शहाणपण नाही. परंतु अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ग्रूमिंगच्या जागेला परवाना लागतो आणि तेथे पार्लर बंद पडलेली नाहीत. आपल्याकडे २०१८ च्या नियमांतच ग्रूमिंगचा समावेश करता येईल. पिंजऱ्यात गरम हवेने सुकवण्यावर बंदी, पशुवैद्यकाविना शामक देण्यास मनाई, नावानिशी पशुवैद्यकाशी संलग्नता आणि मृत्यू वा इजेची लेखी नोंद, एवढ्या चार अटींनी सुरुवात पुरे. कामगारांना प्रतिबंधक रेबीज लस देण्याचा खर्च मालकाने उचलावा, हेही त्यातच यावे.

नियम येईपर्यंत मोठ्या कुत्र्याच्या मालकाने पार्लरमध्ये किमान दोन गोष्टी विचाराव्यात : सुकवण्याची जागा पाहता येईल का, आणि काम चालू असताना मला येथे थांबता येईल का. नकार मिळाला तर दुसरे पार्लर शोधावे. आणि केस उतरवू नका, फक्त लोकर काढा, असे सांगून अर्ध्या कमाईवर पाणी सोडणारा ग्रूमर भेटलाच, तर त्याला सोडू नये.